शुक्रवारचा निकाल

पडद्यावरच्या म्हाताऱ्या आईनं परगावाहून आलेल्या मुलाच्या हातात चहाचा कप दिला, मुलानं तो तोंडाला लावला, आणि नेमकी त्याच वेळी मन्मथअप्पांची मान डावीकडे वळली. त्यांनी ती मुद्दाम वळवली नव्हती. पडद्यावर कपबशी, तांब्या, घागर असं काही आलं की त्यांच्या डाव्या कोपराला एक ढुसणी बसायची. इतकी वर्षं ती बसत आली होती, की आज बसली नाही तरी मान वेळेवर वळली. डावीकडच्या खुर्चीत एक अनोळखी गृहस्थ मांडीवर पॉपकॉर्नचा पुडा घेऊन बसले होते. अप्पा पुड्याकडे बघतायत असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी तो पुढे केला. "घ्या की," ते म्हणाले. अप्पा "न्हाई, न्हाई, चालू द्या" म्हणाले आणि पुन्हा समोर बघेपर्यंत कप गेला होता. आई आणि मुलगा कुठल्याशा देवळाच्या पायऱ्या चढत होते. पुढचा दीड तास अप्पा खुर्चीतच होते, पण त्यांना काही दिसलं नाही. कपात चहा होता की नव्हता, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

बाहेर आले तेव्हा तीन वाजले होते आणि परभणीचं ऊन डोळ्यांत शिरत होतं. मोटारसायकलीची सीट तापली होती. खिशातला फोन दोनदा थरथरला. ग्रुपवर कुणी तरी विचारत असणार. शुक्रवारी दुपारी साडेतीनपर्यंत अप्पांचा निकाल येतो हे ताडकळसमध्ये, झरीत, पार देवगाव फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी आठ-दहा जणांचा ग्रुप होता, आता दीडशेच्या वर माणसं होती. अप्पा बाराचा पहिला खेळ बघायचे आणि मग आपल्या भरदार आवाजात तीन-चार मिनिटांचा मेसेज टाकायचे. शेवटी एक शब्द असायचा. पिक्चर भरलेला हाय, नाहीतर, पिक्चर रिकामा हाय. त्या शब्दावर लोक रविवारी बायकापोरांना घेऊन परभणीला यायचे किंवा घरी बसायचे. भांड्यांचं दुकान चालवणारा माणूस, बोलणारच तसं, असं लोक हसून म्हणायचे. तो शब्द अप्पांचा नव्हता. त्या मेसेजातलं एकही वाक्य अप्पांचं नव्हतं. हे आता जगात एकट्या अप्पांना माहीत होतं, आणि श्रावणापासून ते त्यांच्या छातीवर बसलं होतं.

पिक्चर बघायची शिवम्मा, त्यांची बायको. अप्पा नुसते बसायचे. त्यांना गाणी आवडायची, मारामारी आवडायची, इंटरवलचा समोसा आवडायचा, आणि पिक्चर संपला की सगळे पिक्चर त्यांना चांगलेच वाटायचे. शिवम्मा टॉकीजात ताठ बसायची, पदर खांद्यावरून घेऊन, दुकानात बसायची तशीच. दुकानात स्टील किलोवर विकायचं, तांब्या हातात उचलून ती सांगायची, "सव्वाचारशे भरंल," आणि काटा तेवढंच सांगायचा. त्याच अंदाजानं ती पडद्यावरचे हात बघायची. भरलेला कप उचलला की मनगट जरासं खाली जातं, रिकामा उचलला की जात नाही, हे तिला लांबून दिसायचं. "ह्यो बाबा रिकामा कप फुंकून फुंकून प्यायलाय बगा," ती ढुसणी देऊन म्हणायची. "ज्याला येवढंबी करायचं जिवावर येतं, त्यो पुढं माय मेल्यावर खरं रडंल व्हय?" आणि तो माणूस पुढे रडायला लागला की खरंच खोटा वाटायचा. एका पिक्चरात नट्या पाणवठ्यावरून घागरी कमरेवर घेऊन येत होत्या. पुण्या-मुंबईच्या पेपरात त्या पिक्चरचं लय कौतुक आलं होतं, खेड्याचं खरं दर्शन म्हणून. शिवम्मा म्हणाली, "घागर भरली की बाई वाकडी होती. ह्या सरळ चालायल्यात. घागर रिकामी, मनून पिक्चर रिकामा." दुसऱ्या एकात विधवा बाईची झोपडी होती आणि फळीवर स्टीलचे डबे एका वळणाचे, कोरे. "त्या डब्यावरचं स्टिकरबी काढलं न्हाई मेल्यांनी," ती म्हणाली. "आन गरिबाच्या भांड्याला एक पोचा न्हाई?" भुतांच्या पिक्चरला मात्र ती भरलेला म्हणाली होती. लोक चकित झाले होते. त्यातलं भूत जुनं पितळी घंगाळ नीट दोन्ही हातांनी उचलत होतं. भूत मन लावून काम करायलंय, माणसंच वाईट हायत, असं तिचं मत होतं, आणि अप्पांच्या आवाजातलं ते मत ऐकून ताडकळसचे दोन जीपभर लोक तो पिक्चर बघून आले आणि खूश झाले.

हे सगळं ती गाडीवर बोलायची. परतीच्या वाटेवर, मागे एका अंगानं बसून, उजवा हात त्यांच्या खांद्यावर आणि तोंड कानाजवळ. वारा असायचा म्हणून ती मोठ्यानं बोलायची, आणि अप्पा "हां, हां" करत गाडी चालवायचे. ताडकळसच्या फाट्यावर कस्तुराबाईच्या चहाच्या टपरीपाशी पोचेपर्यंत तिचं बोलून झालेलं असायचं. तिथं उतरून ती बाकड्यावर गप बसायची, बशीत चहा ओतायची, आणि अप्पा लिंबाखाली उभे राहून फोन तोंडाजवळ धरून तेच सगळं सांगायचे. सुरुवातीला त्यांनी फोन तिच्यापुढे धरला होता. "तूच बोल की. तुजंच हाय." तिनं हात झटकला होता. "माजा आवाज फरशीवर डबा पडल्यावानी हाय. लोकं कानावरून फोन काढतील. तुमचा आवाज स्वामींच्या प्रवचनावानी, तुमी बोला." मग हसून म्हणाली, "माल माजा, दुकानावर पाटी तुमची. असंच हाय की आपलं." तेव्हा अप्पाही हसले होते. खरं सांगायचं तर पुढे पुढे त्यांनी तिला पुन्हा विचारलंही नाही. बाजारच्या दिवशी अनोळखी माणसं दुकानात डोकावून "पिक्चरवाले अप्पा तुमीच का?" म्हणायची तेव्हा ते "हो, या की" म्हणायचे, आणि आत शिवम्मा पातेल्यांची चळत लावत असायची. तिला वाईट वाटलं असेल का? हा प्रश्न त्यांना तेव्हा पडला नव्हता. आता रोज पडत होता, आणि विचारायला कुणी नव्हतं.

श्रावणात आठ दिवसांच्या तापानं ती गेली. ते लिंगायत, त्यांच्यात दहन करत नाहीत. खड्ड्यात बसवतात, मांडी घालून, हातात लिंग देऊन. खाली उतरलेल्या माणसांनी तिला भिंतीला टेकवून ताठ बसवलं तेव्हा अप्पांना वाटलं, ही काही तरी सुरू व्हायची वाट बघत बसलीय. घरी आल्यावर बायका रडत होत्या, आणि रडता रडताच कुणी तरी हळू विचारलं, "आता चहा कोन ठिवतंय?" अप्पा दचकले. कारण हे त्यांनी आधी ऐकलं होतं. एका पिक्चरात नायकाची बायको मरते आणि तो डोंगरावर जाऊन दोन गाणी म्हणतो. शिवम्मा गाडीवर म्हणाली होती, "बाई मेली की घरात पयला सवाल चहाचा येतो. चहा कोन ठिवायचं, साखर कुठं हाय. ह्यो बाबा डोंगरावर गेला. ह्याचं दुःख दोन गाण्यांत फिटलं." साखर त्या दिवशी खरंच कुणाला सापडली नाही. ती ज्वारीच्या डब्यामागे असायची, हे अप्पांनाही माहीत नव्हतं.

तिसऱ्या शुक्रवारी ते पिक्चरला निघाले तेव्हा राजेश्वरनं, त्यांच्या मुलानं, दुकानाच्या दारातच अडवलं होतं. "अप्पा, लोकं काय म्हनतील? अजून महिनाबी न्हाई झाला." अप्पा म्हणाले, "आपल्यात सूतक नसतंय." ते खरंच होतं. स्वामींनीही हेच सांगितलं होतं, लिंगैक्य झालेल्याचं सूतक धरायचं नसतं. पण गल्लीतल्या इतरांना तेरा दिवस तरी होते. तेराव्याला गोड खायचं आणि उठायचं, असं काही तरी होतं. अप्पांना तसा दिवसच नव्हता. जे लागलंच नव्हतं ते फिटणार तरी कधी? ते टॉकीजात जाऊन बसले. पिक्चर लढाईचा होता. संपला आणि नेहमीसारखा चांगला वाटला, म्हणजे काहीच वाटलं नाही. लिंबाखाली उभं राहून त्यांनी फोन तोंडाजवळ धरला, आणि तोंडातून शिवम्माचं एक जुनं मत आलं. चाळीस माणसं मारली आणि एकानंही मरताना पाणी मागितलं नाही, म्हणून रिकामा. चाललं. पुढच्या पिक्चरलाही चाललं, त्याच्या पुढच्यालाही. तिची अठ्ठावीस वर्षांची मतं साठ्याला होती, बेतानं काढली तर पुरतील असं वाटत होतं. पण मागच्या शुक्रवारी परमेश्वरनं पकडलं. परमेश्वर एस.टी.चा ड्रायव्हर, झरीचा, आणि त्याच्याकडे सगळे मेसेज जपून ठेवलेले. त्यानं अप्पांच्या नव्या मेसेजखाली दोन वर्षांपूर्वीचा मेसेज लावला. दोन्हींत तेच वाक्य, त्याच चढउतारात. ह्याचं दुःख दोन गाण्यांत फिटलं. खाली त्यानं लिहिलं, "अप्पा, कॅसेट अडकली का?" हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. मग कुणी तरी लिहिलं, "जाऊ द्या, त्यांच्यावर प्रसंग आलाय." हसणारी तोंडं पुसली गेली. अप्पांना ती तोंडं परवडली असती.

म्हणून आज त्यांनी ठरवलं होतं की पिक्चर स्वतः बघायचा. शिवम्मा बघायची तसा, हात बघायचे, भांडी बघायची. सुरुवातीचा सव्वा तास त्यांनी डोळे फाडून बघितलं. कुणी भांडं उचललंच नाही. सगळे फोनवर बोलत होते. आणि मग तो कप आला, आणि मान वळली.

टपरीपाशी गाडी लावून ते बाकड्यावर बसले. बसताना सवयीनं कडेला बसले. कस्तुराबाईनं न विचारता चहा गाळायला घेतला. साठीच्या पुढची बाई, पण तोंड चालूच. "काय अप्पा, आज ऊन लागलं का? तोंड बगा कसं झालंय, उकडलेल्या वांग्यावानी."

"कस्तुराबाई," अप्पा म्हणाले, "एक विचारतो. आमी इथं यायचो. आमचं माणूस पिक्चरबद्दल बोलायचं. तुमी ऐकलं असंल."

"कोन, शिवम्मा?" कस्तुराबाईनं गाळणी आपटली. "त्या कुठं बोलायच्या? लय गरीब बाई. त्या बशीत चहा ओतायच्या आन तुमच्या तोंडाकडं बगत बसायच्या. बोलायचा तर तुमी की. मी माज्या सुनंला म्हनायची, बग, नवरा बोलतोय आन बायकू कसं मन लावून ऐकायलीय. तुला जमतंय का असं?"

"ऐकत न्हवती ती. तपासत होती. मी काय इसरलो का ते बगत होती."

"असंल बाबा," कस्तुराबाई म्हणाली, आणि ज्या आवाजात म्हणाली त्यावरून अप्पांना कळलं की तिला पटलं नाही, पण दुःखातल्या माणसाशी वाद घालायचा नाही म्हणून तिनं चहा कपात ओतला.

त्यांनी फोन काढला. एक पुरावा होता. महिनाभर ते जुने मेसेज ऐकत होते, एकेक करून, दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसताना. सहा वर्षांचे मेसेज, आणि सगळ्यांत त्यांचाच आवाज. भरदार, शहाणा, प्रत्येक वाक्याशेवटी थांबणारा. ऐकता ऐकता त्यांना त्या माणसाचा राग यायला लागला होता. किती बोलतो हा. जरा थांब, मागे बसलीय तिला बोलू दे. एकाच मेसेजात, गेल्या उन्हाळ्यातल्या, मधेच ते अडखळले होते, आणि मागून तिचा आवाज आला होता. "कपाचं सांगा की." तीन शब्द. आणि मग पुन्हा त्यांचा आवाज, "हां, आता कपाचं सांगतो." तेवढं त्यांनी शोधून काढलं आणि फोन कस्तुराबाईच्या कानाशी धरला. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता, त्यावर गाणं लावलेलं. "काय म्हनल्या?" कस्तुराबाई म्हणाली. "मला तर तुमचाच आवाज यायलाय." त्यांनी पुन्हा लावलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. "चहाचं कायतरी म्हनल्या का? चहा मागितला असंल." आणि ती मायेनं म्हणाली, "मीच करून दिला असंल त्यो."

अप्पा उठले आणि लिंबाखाली गेले. तिथं मातीत त्यांच्या उभं राहण्याची जागा जणू झालेली होती. फोन तोंडाजवळ धरून त्यांनी बटण दाबलं, आणि त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं. "मी मन्मथअप्पा, ताडकळस. आज मी तुमाला पिक्चरचं सांगणार न्हाई. आजवर जे सांगितलं ते माजं न्हवतं. ते सगळं आमच्या घरातलं माणूस, शिवम्मा, तिचं होतं. ती गाडीवर सांगायची आन मी इथं उभं राहून तेच बोलायचो. भरलेला, रिकामा, हे तिचे शब्द. घागरीचं तिनं ओळखलं. भुताचं तिनं ओळखलं. मला पिक्चरमधलं काय बी कळत न्हाई. तिला कळायचं. नाव माजं झालं. हे चुकीचं झालं. येवढं सगळ्यांनी ध्यानात घ्यावं." त्यांनी अंगठा उचलला. मेसेज गेला.

बाकड्यावर येऊन ते फोन मांडीवर ठेवून बसले. चहा गार झाला होता. काय होईल? लोक चिडतील, इतके दिवस फसवलं म्हणतील, परमेश्वर काही तरी बोचरं लिहील. लिहू दे. चिडले तर बरंच, चिडले म्हणजे खरं मानलं. पहिलं उत्तर आलं, जोडलेले हात. मग आणखी जोडलेले हात, फुलं, दिवा. देवगाव फाट्यावरच्या पंक्चरवाल्यानं लिहिलं, "अप्पा, रडवलं तुमी." कुणी लिहिलं, "असा नवरा मिळायला नशीब लागतं. स्वतःचं श्रेय बायकोला देतोय." कुणी लिहिलं, "मोठेपणा म्हनतात तो हाच." शेवटी परमेश्वरचा आवाजाचा मेसेज आला. तो बस उभी करून बोलत असावा, मागे इंजिन थरथरत होतं. "अप्पा, मागच्या बारीला मी कॅसेटचं बोललो, माफ करा. चूक झाली. पर तुमी असं म्हनू नका. आमी काय येडे हाव का? सहा वर्षं तुमचा आवाज ऐकतोय. त्यो ठसका दुसऱ्याच्या शब्दाला येतच न्हाई. वहिनी देवमाणूस होत्या, तुमी त्येंच्यावर लय जीव लावला, ते आमाला कळतंय. पर कला तुमची हाय." खाली पन्नास अंगठे उठले.

अप्पांनी उत्तर द्यायला बटण दाबलं आणि सोडलं. दुसऱ्यांदा दाबलं. पण काय म्हणणार? शपथ घेतली तर आणखी मोठेपणा होणार. जितकं खरं बोलावं तितका भरदार आवाज आणखी भरदार लागणार, आणि शिवम्मा तितकी मागे सरकणार, बाकड्यावर, बशी हातात धरून, नवऱ्याच्या तोंडाकडे कौतुकानं बघणारी गरीब बाई. ती तशी कधी नव्हती. ती तशी आता झाली. आणि त्यांनीच केली, आज, दुपारी, स्वतःच्या तोंडानं.

"अजून एक घेता का?" कस्तुराबाईनं विचारलं. "ह्यो गार झाला." तिनं कप उचलला. अप्पांनी तिच्या मनगटाकडे बघितलं. ते जरासं खाली गेलं, आणि तिनं सावकाश, न सांडता तो कप कडेला नेऊन मातीत ओतला.

फोन पुन्हा थरथरला. परमेश्वरनंच लिहिलं होतं. "बरं अप्पा, ते असू द्या. आजच्या पिक्चरचं सांगा. रविवारी मायला घेऊन येनार हाव, आईवरचा हाय म्हनतात. पाहू का नको?" खाली दोघातिघांनी तेच विचारलं. भरलेला की रिकामा? ते गाडीपाशी गेले. सीटवर बसले ते टाकीला चिकटून, मागे तिची जागा सोडून. मागे सरकून बसायला हरकत नव्हती, पण अंग सरकत नव्हतं. गाडी सुरू करायच्या आधी त्यांनी फोन तोंडाजवळ धरला. मागून काही ऐकू येतं का म्हणून क्षणभर थांबले, आणि ते थांबणंही मेसेजात गेलं.

"आई पोराला चहा देती," ते म्हणाले. "त्या कपात चहा होता का न्हाई, तेवढंच बगायचं हुकलं माज्याकडून. तुमी जाऊन बगा. आन मला सांगा."